पहिल्या हसण्याचे मीठ

आपल्याला बारशाची आमंत्रणे येतात, मुंजीची येतात, आणि लग्नाची तर मे महिन्यात नको तितकी येतात. हसण्याचे आमंत्रण मात्र मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथमच आले, आणि तेही सातासमुद्रापलीकडे.

झाले असे की, मे महिन्याच्या सुटीत मी ताईकडे फिनिक्सला गेलो होतो. ताई तिथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिची एक मैत्रीण नॅव्हाहो जमातीची. या मैत्रिणीच्या भावाला तीन महिन्यांचा मुलगा. नॅव्हाहो लोकांत अशी रीत आहे की, मूल पहिल्यांदा खळखळून हसले की त्या हसण्याचा सोहळा करायचा, आणि ज्याने हसवले त्याने सगळ्यांना जेवू घालायचे. त्यामुळे तान्ह्या बाळासमोर वेडीवाकडी तोंडे करणारे पाहुणे जरा जपूनच असतात म्हणे! इथे हसवले ते आत्याने, म्हणजे ताईच्या मैत्रिणीने. आपल्याकडे बारशाला कानात कुर्र करण्याचा मान आत्याचा. तिथे खर्चही तिचाच. ‘भाऊ आलाय ना तुझा, त्यालाही घेऊन ये,’ असे तिने ताईला सांगितले, आणि आम्ही तिघे, म्हणजे ताई, दाजी आणि मी, पहाटे मोटारीत बसलो.

फिनिक्स म्हणजे जळगावचा उन्हाळा. पण दोन-अडीच तासांत मोटार फ्लॅगस्टाफच्या डोंगराळ झाडीत शिरली आणि अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली. तिथून उत्तरेला वळलो तशी पाइनची झाडी विरळ होत गेली, मग खुरटी झुडपे राहिली, आणि शेवटी उरली ती नुसती लाल माती. आपला सोलापूरकडचा माळ कुणीतरी कुंकवात बुडवून काढावा आणि त्यावर मधूनमधून देवळाएवढे, किल्ल्याएवढे खडक नुसते ठेवून द्यावेत, तसा तो मुलूख. नॅव्हाहो स्वतःला ‘दिने’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘माणसे’. ‘रेड इंडियन’ हा शब्द माझ्या तोंडून एकदा निसटला, तेव्हा ताईने डोळे वटारले. ‘तिथे बोलू नकोस हं असलं काही,’ ती म्हणाली. पुस्तकी माणसाला अशी ताकीद अधूनमधून लागते.

या लोकांच्या राखीव भूमीचा विस्तार सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडा कमी. आणि वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास. अमेरिकेच्या फौजेने १८६४ साली त्यांना घरादारांतून हुसकून शेकडो मैल पायी चालवत नेले. १८६८ च्या तहानंतर ते परत आले, तेव्हापासून इथे आहेत. त्यांचे स्वतःचे सरकार आहे, स्वतःचे कायदे आहेत आणि वेळही वेगळी आहे. ॲरिझोना राज्यात उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत, नॅव्हाहो करतात, आणि त्यांच्या मुलखाच्या मधोमध राहणारे होपी लोक पुन्हा करत नाहीत. दाजींचे घड्याळ त्या दिवशी इतक्या वेळा मागेपुढे झाले की, शेवटी त्यांनी उन्हाकडे पाहून वेळ ठरवायला सुरुवात केली.

रात्री कायेंटाला मुक्काम केला, पहाटे मॉन्युमेंट व्हॅलीचे जगप्रसिद्ध सुळके पाहिले. त्यांची छायाचित्रे तुम्ही पुष्कळ पाहिली असतील, तेव्हा त्यांचे वर्णन करत नाही. माझे लक्ष खरे म्हणजे रस्त्यावरच्या छोट्या मालमोटारींकडे होते. दर दहा-पंधरा मिनिटांनी एखादी दिसे, आणि तिच्यामागे पाण्याची मोठी टाकी बांधलेली असे. इथल्या तीनांतल्या जवळजवळ एका घराला नळ नाही. पंधरा-वीस मैलांवरून पाणी भरून आणायचे. अमेरिकेत! उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट पाहणारी माणसे पाहिलेल्या मलाही ते दृश्य पचनी पडेना.

कायेंटाहून चिनलीला जाताना वाटेत मेनी फार्म्स नावाचे गाव लागते. नावाचा अर्थ पुष्कळ शेते. मला शेते फारशी दिसली नाहीत. पण वैद्यकाच्या इतिहासात या गावाला स्थान आहे, आणि त्याविषयी आधी वाचून ठेवलेले मी मोटारीत मोठ्याने सांगू लागलो. मास्तरकी अशी कुठेही उफाळून येते.

१९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठातले डॉ. वॉल्श मॅकडरमॉट आणि त्यांचे सहकारी इथे आले. दोनेक हजार वस्तीच्या या टापूत त्यांनी त्या काळातला उत्तमातला उत्तम दवाखाना चालवून पाहिला. डॉक्टर, परिचारिका, नॅव्हाहो भाषा बोलणारे कार्यकर्ते, नवी औषधे, सगळे होते. १९६२ पर्यंत हा प्रयोग चालला. क्षयाची लागण कमी झाली, कान वारंवार फुटण्याचे प्रमाण घटले. पण तान्ही मुले ज्याने सर्वांत जास्त दगावत, तो न्युमोनिया आणि जुलाब, ही जोडी काही केल्या हटली नाही. एका खोलीच्या घरात माणसे दाटीने राहणारी, मध्ये लाकडाची नाहीतर कोळशाची शेगडी, हात धुवायला पाणी नाही; आणि ताप चढल्यावर आई मुलाला घेऊन वाट तुडवत दवाखान्यापर्यंत पोचेतो छाती भरलेली. त्या डॉक्टरांनी हे सारे १९७२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रांजळपणे लिहून टाकले. आपला प्रयोग कुठे फसला ते असे स्वच्छ लिहिणारी माणसे मला आवडतात. आमच्याकडच्या प्रबंधांत अपयश औषधालाही सापडत नाही.

माझे व्याख्यान संपले तेव्हा ताई खिडकीबाहेर पाहत होती. ती काहीच बोलली नाही.

चिनली गावात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मैत्रिणीच्या घराशेजारी एक होगन होता. होगन म्हणजे नॅव्हाहोंचे जुन्या धाटणीचे घर, लाकडाचे आणि मातीचे, दार नेहमी पूर्वेला. आमच्या सोसायटीतल्या वास्तुशास्त्रवाल्यांनी पाहिले असते तर धन्य झाले असते. दारात बाळाची आजी उभी होती. सत्तरीची असेल, मनगटात चांदीचे कडे, केस मागे बांधलेले. आतल्या भिंतीवर कुटुंबाच्या छायाचित्रांच्या ओळीत एक तसबीर वेगळी होती. ‘या ॲनी वॉनेका,’ आजी म्हणाल्या.

हे नाव मला ठाऊक होते. १९१० मध्ये जन्मलेल्या ॲनी डॉज वॉनेका १९५१ साली जमातीच्या प्रतिनिधी-मंडळात निवडून आल्या आणि क्षयाच्या पाठीमागे लागल्या. आधी स्वतः तो रोग समजून घेतला, मग घरोघर हिंडून आपल्या भाषेत सांगितला. वैद्यकातल्या इंग्रजी शब्दांना नॅव्हाहो प्रतिशब्द देणारा कोश करण्यात त्यांचा हात होता. १९६३ साली त्यांना अमेरिकेच्या अध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. क्षयाला नॅव्हाहो शब्द आहे ‘जेई-आदींह’. छातीतले झिजत, नाहीसे होत जाणे. आपला ‘क्षय’ हा शब्द तरी दुसरे काय सांगतो? मी हे आजींना सांगितले तेव्हा त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. ‘क्ष’ मात्र काही जमला नाही. माझाही ‘आदींह’ जमला नव्हताच.

मग ओळखी झाल्या. नॅव्हाहो माणूस आपली ओळख चार कुळांनी देतो. आधी आईचे कूळ, मग वडिलांचे, मग दोन्हीकडच्या आजोबांचे. मीही आईचे माहेर, आजीचे माहेर असे आठवून आठवून सांगितले. आजींनी समाधानाने मान हलवली आणि विचारले, ‘भावंडे किती?’

‘आम्ही दोघे,’ मी म्हणालो.

‘तिघे,’ ताई म्हणाली.

आजींनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. गेलेल्या माणसाविषयी त्यांच्याकडे बोलत नाहीत, हे मला नंतर कळले.

वाचकांना मात्र सांगितले पाहिजे. आमचे वडील प्राथमिक शिक्षक. १९८६ साली त्यांची नेमणूक तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, सातपुड्यातल्या अक्राणी भागात होती. मी सात वर्षांचा, ताई दहाची, आणि पाठचा भाऊ चार महिन्यांचा. श्रावणात त्याला ‘डबा’ झाला. लहान मुलांच्या न्युमोनियाला आपल्याकडे हाच शब्द आहे. नाकपुड्या फुललेल्या, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडतोय, असे ते रूप मला अजून आठवते. दवाखाना नदीपलीकडे होता. आई आता सत्तरीत आहे. या गोष्टीविषयी ती एकच वाक्य बोलते, ‘नदीला पूर होता.’

आजी पूर्वी गावोगाव फिरणाऱ्या आरोग्य-कार्यकर्त्या होत्या. स्वयंपाक व्हायला वेळ होता, तेव्हा मी त्यांना त्या कामाविषयी विचारले, आणि ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती हकीकत मला अशी अवचित ऐकायला मिळाली.

न्युमोनिया करणाऱ्या जंतूंत न्युमोकॉकस हा मोठा वस्ताद. छातीवर भागले नाही तर तो रक्तात शिरतो, मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. नॅव्हाहो आणि त्यांच्या दक्षिणेकडचे अपाची यांच्या मुलांत हे गंभीर आजार अमेरिकेतल्या इतर मुलांच्या कित्येक पट होत. या जंतूच्या अंगावर साखरेच्या जातीचे एक कवच असते, आणि त्या कवचावरून त्याचे शंभराच्या घरात प्रकार पडतात. मोठ्यांसाठीची जुनी लस नुसत्या कवचाची होती. पण दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या शरीराला ती साखर नीट ओळखता येत नाही. (लहान मुलाला साखर ओळखता येत नाही, असे म्हटले तर आया हसतील, पण रक्ताचे ज्ञान जिभेहून वेगळे असते.) तेव्हा शास्त्रज्ञांनी ती साखर एका प्रथिनाला, म्हणजे घटसर्पाच्या निर्विष केलेल्या विषाला, जोडून दिली. ओळखीच्या माणसाबरोबर आलेला परका पाहुणा घरात चटकन लक्षात राहतो, तशी मग ती साखर बाळाच्या शरीराच्या लक्षात राहते.

सात प्रकारांवरची अशी लस १९९७ ते २००० या काळात या मुलखात कसोटीला लावली गेली. काम जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे, त्यात डॉ. कॅथरिन ओब्रायन होत्या, आणि आपल्या देशातून गेलेले डॉ. मथुराम सन्तोषम होते. सगळा प्रदेश ३८ भागांत वाटला. काही भागांतल्या मुलांना ही लस, उरलेल्या भागांतल्या मुलांना मेंदूज्वराच्या दुसऱ्या एका जंतूवरची लस. म्हणजे नुसत्या पाण्याची सुई कुणालाच नाही. आठ हजारांवर मुले होती. त्यांना गाठायचे कसे? पत्ते असे की, ‘निळ्या टाकीपासून डावीकडे, मेंढ्यांच्या वाड्याच्या पुढे’. पाऊस पडला की मातीचे रस्ते लोण्यासारखे. मोटार रुतली की आजी उतरून चालत जात.

‘पण रस्ता सोपा होता,’ आजी म्हणाल्या. ‘बोलणे अवघड होते.’

नियम असा की, आईला सगळे सांगायचे. हा रोग झाला तर काय होते, लशीने क्वचित काय होऊ शकते, सगळे. आणि नॅव्हाहो समज अशी की, शब्द तोंडातून निघाला की तो घडायला लागतो. ‘तुझ्या बाळाला हे होईल,’ असे बाळाच्या आईसमोर म्हणणे म्हणजे ते ओढवून आणणे. मी चमकलो. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असे सांगणाऱ्या माझ्या आजीला ही आजी किती चटकन समजली असती!

‘मग कसे सांगायचात?’

‘तुझे बाळ म्हणायचेच नाही. कुठेतरी, कुणाच्या तरी घरी, एक मूल होते, अशी गोष्ट सांगायची. आईला कळते.’

वीस-बावीस वर्षे मी वर्गात प्रथम पुरुष, द्वितीय पुरुष, तृतीय पुरुष शिकवतो आहे. तृतीय पुरुषाचा इतका मोठा उपयोग मला कुठल्याही व्याकरणात आढळला नव्हता.

२००० साली अमेरिकेत लशीला मान्यता मिळाली आणि ती सर्वच मुलांना देऊ लागले. कसोटीचा निकाल २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. लशीतल्या सात प्रकारांमुळे होणारे गंभीर आजार तीन-चतुर्थांशाहून अधिक टळले होते. पुढच्या दहा वर्षांत ते सात प्रकार या मुलखातल्या मुलांतून जवळपास नाहीसे झाले. मेनी फार्म्सच्या उत्तम दवाखान्याला जे साधले नाही, ते या सुईने साधले, याचे कारण उघड आहे. ती आजाराच्या आधी घरी पोचली होती.

मला एक शंका होती आणि ती मी विचारून टाकली. मोठमोठ्या लोकांच्या औषधांच्या परीक्षा गरिबांच्याच दंडावर का? आजींना राग आला नाही. त्या म्हणाल्या, ‘आम्ही नाही म्हणायलाही शिकलो आहोत.’ ते खरे आहे. २००२ साली याच लोकांनी आपल्या भूमीत आनुवंशिक संशोधनाला बंदी घातली. लशीला हो आणि त्याला नाही, असे निवडून सांगणारा समाज भोळा म्हणता येत नाही. तरी माझी शंका पुरती फिटली नाही, हेही लिहून ठेवतो.

आणि न्युमोकॉकसही हार मानणारा नव्हे. सात प्रकार गेले की उरलेले सरसावतात. अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या मुलांत लशीनंतर काही वर्षांतच ‘एकोणीस-अ’ हा प्रकार फोफावला. २०१० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात, तिथल्या मूळ रहिवाशांत, क्रमांक एकच्या प्रकाराची साथ आली. मग तेरा प्रकारांची लस आली, आता वीसची आहे. अलास्कात असेही दिसले आहे की, ज्या गावांत घरोघर नळ नाहीत, तिथली मुले न्युमोनियाने जास्त संख्येने रुग्णालयात येतात. २०२० साली कोरोना आला तेव्हा नॅव्हाहो भूमीत लोकसंख्येच्या मानाने लागण अमेरिकेत सर्वाधिक झाली, आणि सगळ्यांनी वारंवार हात धुवावेत, असे त्यांनाही सांगण्यात आले. कशाने धुवावेत?

आमच्याकडची गोष्ट याहून निराळी नाही. हॉपकिन्समध्येच शिकून आलेल्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत साध्या माणसांना बाळाचे श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवून न्युमोनियाचे बालमृत्यू खाली आणले, ते १९९० साली जगासमोर आले. लस मात्र उशिरा आली. माझ्या मुलीला २०११ साली मी ती खासगी डॉक्टरांकडे दिली; एकेका डोसाला हजारो रुपये पडले. त्या वेळी अक्राणीतल्या मास्तराच्या मुलाला ती मिळाली नसती. सरकारी कार्यक्रमात ती २०१७ साली काही राज्यांत आली, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला २०२१ मध्ये; अमेरिकेनंतर एकवीस वर्षांनी. आता दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी ती फुकट टोचतात. २०२० च्या डिसेंबरात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांवरची स्वस्त लस बाजारात आणली. आजींना मी सांगितले की, ती माझ्या गावात तयार होते. त्यांनी विचारले, ‘आणि तुमच्या डोंगरातल्या रस्त्यांवरून ती कोण नेते?’ आपल्या आरोग्यसेविका आणि आशाताई यांच्याविषयी मी सांगितले. ‘चालत?’ ‘पुष्कळदा चालत.’ आजी हसल्या.

तेवढ्यात जेवणाची हाक आली. मटणाचा रस्सा, मका, आणि तळलेल्या पोळ्या, आपल्या भटुऱ्याच्या थोरल्या बहिणी. आत्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ टकामका पाहत होते. दुसऱ्या महिन्याच्या सुया त्याच्या मांडीला टोचून झाल्या होत्या, चौथ्या महिन्याच्या व्हायच्या होत्या, आणि मधल्या या दिवसांत ते हसले होते. त्यांची समजूत अशी की, हसेपर्यंत मूल देवांकडचे असते. हसले की ते माणसांत राहायचे ठरवते. ओळीने एकेक पाहुणा पुढे जाई. आत्या बाळाच्या मुठीत खड्याच्या मिठाचे दाणे ठेवी आणि ती चिमुकली मूठ पाहुण्याच्या हातावर उघडी करी. मूल उदार व्हावे म्हणून त्याचे पहिले दान. मीठ तिथेच जिभेवर ठेवायचे.

माझ्या तळहातावर तीन दाणे पडले. ताईच्या हातावर बाळाने मूठ उघडलीच नाही. तिचे बोटच घट्ट धरून ठेवले. सगळे हसले. ताई बराच वेळ तशीच वाकून उभी होती.

निघालो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. दाजी गाडी चालवत होते. बऱ्याच वेळाने ताई मागच्या अंधारातून म्हणाली, ‘तो हसला होता.’

‘कोण?’ मी विचारले, आणि विचारल्यावर कळले.

‘ओसरीवर. मी कावळ्याचा आवाज काढायचे ना, तेव्हा. मोठ्याने हसला होता. आई आत होती, तिनं ऐकलं नाही.’ मग थोडे थांबून ती म्हणाली, ‘म्हणजे जेवण माझ्याकडे लागतं.’

नॅव्हाहो भूमीची हद्द ओलांडली तसे दाजींनी मोटारीतले घड्याळ एक तास मागे केले.